हेमकांत टॉकीजमधली मिटलेली खुर्ची

"एकट्या बाईला तिकीट न्हाई म्हंजे न्हाई! कितींदा सांगू, आक्का? दीर आणा, भाऊ आणा, कुणीतरी सोबत आणा."

"भाऊ आणायला तू काय माझं लगीन लावतोयस? पैसे घे आन् पडदा सार!"

भर चौकातल्या हेमकांत टॉकीजच्या दारात हे भांडण पेटलं होतं, असं जुनी माणसं सांगतात. दारावर आडदांड दादू घोरपडे. समोर हिराक्का कासार. गल्लीतल्या बायकांना बांगड्या भरणारी, स्वतःचे हात मोकळे.

फिल्म कंपनीनं पन्हाळ्याच्या पायथ्याला लढाई उभी केली, तेव्हा तिचा नवरा दौलू एक दिवस मशाल धरून मावळा झाला होता. पंधरवड्यात तो तापानं गेला. त्याचा फोटो म्हणून कधी कुणी काढला नव्हता. वर्ष सरलं आणि हिराक्काला त्याचा चेहरा नीट आठवेना. तो आता फक्त इथल्या पडद्यावर होता, आणि आजचा खेळ शेवटचा. उद्या शुक्रवारी फिल्मच्या पेट्या दुसऱ्या गावी जाणार होत्या.

आठवडाभर तिनं दारोदार सोबत मागितली. नवरा मेलेली बाई सिनेमाला निघाली म्हणून एकही बाई उंबऱ्याबाहेर पडली नाही. जिच्या-तिच्या हातात बांगड्या मात्र हिच्याच!

आत ढोल वाजू लागले. लढाई आता लागणार. दादू दोन्ही हात पसरून आडवा. "सोबत कोण, ते सांगा आधी!"

हिराक्का एकच वाक्य बोलली. दादूनं म्हणे मान खाली घातली, तिला कडेच्या खुर्चीपाशी नेलं आणि शेजारच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही.

दौलू तिला दिसला का? कुणी म्हणतं, दिसला, डावीकडून तिसरा. कुणी म्हणतं, मशालींच्या धुरात सगळे मावळे सारखेच. तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड गल्लीला उरलं नव्हतं.

आजही हेमकांतला एकटी बाई आली की तिला कडेची जागा देतात आणि शेजारची खुर्ची मिटलेलीच ठेवतात. बाहेर हाउसफुल्लची पाटी लागली तरी ती विकत नाहीत. का म्हणून विचारलं, तर दारावरचा माणूस हिराक्काचं ते वाक्य तेवढं सांगतो:

"माझा माणूस आत हाय, दादू, त्याला घरी न्यायला आले मी."