हात मागे बांधणारी शाळा

फार पूर्वी, गावोगावी अजून शाळा नव्हत्या तेव्हा, एका गावात एक गुरुजी होते. मनाने अगदी मऊ, पण शाळेत त्यांनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यांच्या शाळेची एक रीत होती आणि त्या रीतीचा त्यांना भारी अभिमान. पुस्तक चौरंगावर ठेवायचं, समोर मांडी घालून बसायचं आणि हात पाठीमागे बांधायचे. ओळीवर बोट ठेवायचं नाही, बोटांवर मोजायचं नाही. "बोट लावून वाचतो तो कच्चा," गुरुजी म्हणत. पंचक्रोशीतली माणसंही म्हणत, शिस्त बघावी तर या शाळेत!

मुलांना ती रीत सोसत होती का? आता ते कुणी विचारलंच नव्हतं, बघा.

या शाळेत यमू नावाची एक मुलगी होती. बोलायला चुरचुरीत. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगणार, वर स्वतःच्या पदरची चार वाक्यं घालणार. पण पुस्तक समोर आलं की तिची बोलतीच बंद. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरायची, मधलेच शब्द गाळायची. बारा लिहायला सांगितले तर एकवीस लिहायची. मुलं फिदीफिदी हसायची.

गुरुजींनी त्यावर त्यांच्या मते रामबाण उपाय काढला. ज्या ओळीला अडली ती घरून पानभर लिहून आणायची. तरी येईना, म्हणून दोन पानं. औषध लागू पडत नाही म्हणून तेच दुप्पट पाजावं, तसला हा प्रकार. सकाळी शाळेची वेळ झाली की यमूच्या पोटात दुखायला लागायचं.

एक दिवस यमूची आई गोदा शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "गुरुजी, दसऱ्याला पारावर पोरीला वाचता आलं तर ठीक. नाही तर तिला मामाकडे धाडते. शेळ्या राखेल. रोज रडत घरी येते, मला नाही बघवत."

त्या गावात दसऱ्याला पाटीपूजन झालं की प्रत्येक मूल पारावर बसून गावासमोर वाचायचं. दसरा तर तोंडावर आला होता. यमूला शेळ्यांचं वावडं नव्हतं हो, पण शाळा सुटणार म्हटल्यावर ती रात्रभर उशीत तोंड खुपसून रडली. तिला वाचायचं होतं. अगदी मनापासून वाचायचं होतं.

"पोरगी आळशी आहे, दुसरं काय," असं पुटपुटत गुरुजी संध्याकाळी तिच्या घरी निघाले. तिला चांगली तंबी द्यायची, असं ठरवूनच. अंगणात पाहतात तर यमू रांगोळी काढत बसलेली. ठिपके टाकले, मोजले, जोडले. एक ठिपका चुकला नाही, एक रेघ हलली नाही.

"हे कुठे बघून काढलंस गं?" गुरुजींचा राग कुठल्या कुठे गेला.

"बघून नाही, गुरुजी. बोटांना ठाऊक आहे."

"मग अक्षरं का नाही ठाऊक होत?"

यमू घाबरली. मग खाली बघत म्हणाली, "ती जागेवर थांबत नाहीत. 'ब' आहे म्हणेपर्यंत मला तिथे 'व' दिसतो. बोट ठेवलं असतं तर थांबली असती, पण बोट ठेवायचं नाही ना."

गुरुजी तिथेच ओट्यावर बसले. इतकी वर्षं ते मुलांना 'वाच' म्हणत आले होते. तुला काय दिसतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर गुरुजी यमूला थोडा वेळ थांबवू लागले. धूळपाटीवर वाळू पसरायची, त्यात बोटाने हातभर मोठं अक्षर गिरवायचं आणि गिरवतानाच मोठ्याने म्हणायचं. एका वेळी एकच अक्षर. 'ब' पक्का झाल्याशिवाय 'व'चं नाव काढायचं नाही. शब्द आला की टाळ्या वाजवत त्याचे तुकडे करायचे. एका जाड कागदाला त्यांनी लांबट खिडकी कापली. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसायची, बाकीच्या गपगुमान झाकलेल्या. आधी गुरुजी वाचायचे, मग दोघं मिळून, मग यमू एकटी.

आकड्यांसाठी कडब्याच्या काड्या आणल्या. दहा काड्यांची एक जुडी. एक जुडी आणि दोन सुट्या म्हणजे बारा. दोन जुड्या आणि एक सुटी म्हणजे एकवीस. "अगंबाई! हे तर वेगळेच आहेत की!" यमू ओरडली. गुरुजींना हसू आवरेना.

वाचन काही धावू लागलं नाही. अडायची, मागे जायची, पुन्हा वाचायची. पण यमूचं पोट दुखायचं थांबलं.

दसरा उजाडला. पारासमोर सगळा गाव जमला. पाटील पुढ्यात बसले, शेजारच्या गावची मंडळीही शाळेची शिस्त बघायला आली होती. एकेक मूल हात मागे बांधून घडाघडा वाचत होतं, आणि गुरुजींची छाती फुगत होती. हात मागे बांधून यमूचं कसं होणार, हा विचार त्यांच्या मनात दहादा आला होता. पण गावासमोर आपलीच रीत मोडायचा धीर काही होत नव्हता.

यमू चौरंगासमोर बसली. हात मागे. ओठ हलले, पण शब्द फुटेना. मागून कुणी तरी खुसूखुसू हसलं. यमूने गुरुजींकडे पाहिलं. डोळे भरून आले होते तिचे. गर्दीत गोदाने मान खाली घातली.

गुरुजी उठले. "यमू, हात सोड. ओळीवर बोट ठेव." आणि खिशातली कागदाची खिडकी त्यांनी स्वतः पानावर ठेवली.

"गुरुजी!" पाटील म्हणाले. "अहो, शाळेची रीत मोडताय!"

"रीत मीच घातली होती, पाटील. चुकीची घातली. पोर वेळ घेईल. आपण थांबू."

यमूने बोट ठेवलं. "एका... तळ्यात... एक कासव... राहत होतं." कुणी जांभई दिली, कुणी चुळबुळ केली. गुरुजी जागचे हलले नाहीत. एके ठिकाणी ती चुकली, थांबली, स्वतःच मागे गेली आणि सुधारून पुढे वाचू लागली. पान संपलं तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "बरं, आता हिशेब. एकवीस नारळ होते, बारा फोडले. उरले किती?"

"काड्या घेऊ?" यमूने विचारलं. ओच्यातून दोन जुड्या आणि एक सुटी काडी काढून मांडली. एक जुडी उचलून बाजूला केली. सुटी काडी उचलली. दुसरी जुडी सोडून त्यातली एक काढली. "नऊ! आणि बारा फोडलेत तर खोबरं वाटा की, पाटीलकाका!"

सगळा पार हसला, पण या वेळी यमूबरोबर हसला.

माणसं पांगली, तशी गोदा पुढे आली. यमूला तिने पोटाशी धरलं. "नाही धाडत हिला मामाकडे," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "गुरुजी, लहानपणी मीही तुमच्याच शाळेत होते. आठवतं?"

"आठवतं तर. घरकामाला म्हणून काढलं ना तुला?"

"घरकाम नव्हतं, गुरुजी. माझीही अक्षरं थांबत नव्हती. हिच्या डोक्यात काही शिरत नाही, असं तुम्ही म्हणालात. मला ते खरं वाटलं. अजूनपर्यंत वाटत होतं."

गुरुजींचे डोळे वाहू लागले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "चुकलो गं, गोदा," ते म्हणाले. "उद्यापासून लेकीबरोबर तूही ये."

"या वयात? मला येईल का हो?"

"येईल," गुरुजी म्हणाले. "आणि नाही आलं, तर ते माझ्या शिकवण्यात कमी असेल, तुझ्यात नाही."

तात्पर्य: मूल शिकत नाही म्हणून त्याला नावं ठेवण्याआधी त्याला काय दिसतं ते विचारावं, आणि शिकवण्याची रीत बदलून पाहावी.