आठसुऱ्याचा ताप

वाद्यं टेम्पोत बसली की आपापसांत गप्पा मारत, तेव्हाची ही गोष्ट. हणमंतमामांच्या बँडमध्ये आठसुऱ्या नावाचा एक धिप्पाड सिंथेसायझर होता. एका वेळी आठच सूर वाजवी. नववी पट्टी दाबली की पहिला सूर गुल! शिवाय तापला की त्याचा सूर हळूहळू वर चढे. मामा त्याला उद्या भंगारात देणार होते.

"आजोबा, आता आराम करा," नवा कीबोर्ड म्हणाला. "माझा सूर तसूभरही हलत नाही."

आठसुऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

हळदीच्या मांडवात बायका गाऊ लागल्या. रंगात आल्या तसा त्यांचा सूर चढत गेला. नवा कीबोर्ड मात्र जागचा हलेना.

"अहो मामा, तुमची पेटी आमच्याबरोबर येईना की!" नवरीची आत्या ओरडली.

मामांनी घाईघाईनं आठसुऱ्या लावला. बाहेर उन्हात राहून तो चांगलाच तापला होता. त्यानं पहिल्याच पट्टीला आत्याबाईंचा सूर गाठला. बायका चढल्या, तोही चढला, आणि सगळा मांडव नाचायला लागला.

परतताना मामांनी भंगाराचं नावही काढलं नाही. टेम्पोत नवा कीबोर्ड हळूच म्हणाला, "आजोबा, तापायचं कसं, तेवढं शिकवा की!"