तेराच्या पाढ्यातला थांबा

“पण मग पाढा म्हणताना मुलं थांबतात कुणासाठी, गुरुजी?”

लहानू गुरुजी शाळेच्या पायरीवर बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“तू कधीपासनं ऐकतेस?”

“आले त्या दिवसापासून.”

“आणि आज विचारतेस होय?”

शर्वरी वरमली. पण वरमून बसायला सवड नव्हती. आज गटशिक्षणाधिकारी येणार होते. वर्ग बघून ते ठरवणार होते, ही शाळा ठेवायची की पलीकडच्या गावच्या शाळेत मिसळून टाकायची.

शाळेच्या मास्तरांची बदली झाली होती. परदेशात शिक्षणशास्त्र शिकून, तिथली नोकरी नाकारून वडिलांच्या या गावी आलेली शर्वरी बिनपगारी वर्ग घेत होती. आणि निवृत्त होऊन कैक वर्षं लोटली तरी लहानू गुरुजी रोज सकाळी येऊन पाढे तेवढे म्हणवून घेत.

मुलं वाचत होती, लिहीत होती. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तेवढा पाढाच आडवा येत होता.

तेरा एके तेरा...

वर्ग गप्प व्हायचा. एका श्वासापुरता.

तेरा दुणे सव्वीस...

पुन्हा गप्प.

कुठलाही पाढा घ्या, ओळ संपली की सगळी पोरं अशी थांबायची. मागच्या खेपेला आलेले साहेब म्हणाले होते, “मुलं अडखळतात.” तालुक्याच्या बाजारात तर जुनी थट्टाच होती, की या गावचा माणूस शेळ्या मोजतानासुद्धा मागं कुणी राहिलं का बघतो.

शर्वरीचे वडीलही फोन नंबर सांगताना प्रत्येक आकड्यापाशी असेच थांबत. “बाबा, पटपट सांगा ना,” म्हणून ती त्यांच्यावर कितीदा खेकसली होती.

काल तिने मुलांना न थांबता पाढा म्हणायला लावला होता. तेरा त्रिकापाशीच सगळा पाढा कोसळला.

“बाई, थांबलं नाही तर पुढचं येतच नाही,” चौथीतली समीक्षा म्हणाली होती.

“पण का थांबता?”

“का म्हणजे? पाढा असाच असतोय की.”

म्हणून आज ती गुरुजींपुढे उभी होती.

गुरुजींनी भिंतीच्या दगडावर तळवा ठेवला.

“ही शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची. मग गावानं ही खोली बांधली. दगड सगळ्यांनी वाहिले. आमच्या वस्तीनंही.”

“मग?”

“भिंत बांधायला आम्ही चाललो. आत बसायला नाही चाललो.”

हे शर्वरीला घरात कधी कुणी सांगितलं नव्हतं.

“मग तुम्ही बसायचात कुठे?”

“भिंतीमागं. मास्तर आत. आवाज येईल तेवढा आमचा.”

“आणि थांबणं...?”

“आतली पोरं एक ओळ म्हणायची नि थांबायची. आम्ही मागनं म्हणायचो. आमचं झालं की पुढची ओळ.”

“मास्तरांनी सांगितलं होतं तसं?”

“मास्तर चिडायचे. वेळ जातो म्हणायचे.”

“मग कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“पुढं आम्ही आत आलो,” गुरुजी म्हणाले. “मीच इथं मास्तर झालो. मागं कुणी उरलं नाही. पण थोरल्यांनी धाकट्यांना पाढा शिकवला तो थांब्यासकट. तो चालत आला.”

शर्वरीचा चेहरा तापला. इतके महिने ती ज्याला खोड समजत होती, ती खोड नव्हतीच.

“गुरुजी, हा तर कलंक आहे. तुम्हाला बाहेर बसवलं त्याची खूण. ती आपण रोज लेकरांच्या तोंडून वदवून घेतोय. आजच पुसून टाकू या.”

“पुस की. पण मी शिकलो तो त्या थांब्यातच. तो नसता तर मी गुरं राखली असती.”

ती गोंधळली.

“जा,” गुरुजी म्हणाले. “मागं जाऊन उभी राहा. मी पाढा सुरू करतो.”

शर्वरी भिंतीला वळसा घालून मागे गेली. तिथे घाणेरीची झुडपं माजली होती. साडीला काटे लागत होते. ती भिंतीशी कान नेऊन उभी राहिली.

आतून आवाज आला, पण दगडातून गाळून आल्यासारखा. तेरा चोक... बावन्न की बासष्ट? तिला कळेना. तिला पाढा पाठ होता, तरी कळेना.

मग आतले सगळे थांबले.

त्या शांततेत शब्द तिच्यापाशी उशिराने पोचला, आणि तिच्या नकळत तिचे ओठ हलले. बावन्न.

आत पुढची ओळ सुरू झाली.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

“काय ऐकलंस?”

“नीट ऐकू येत नाही. पण ते थांबतात, तेव्हा आपल्यापर्यंत येतं.” तिने डोळे पुसले. “माझं चुकलं, गुरुजी. हा कलंक नाही. ही माया आहे. मोठ्यांनी घातलेली भिंत लेकरांनी आतून पोखरली. हे जपायला हवं. मी साहेबांना हे सगळं सांगते.”

गुरुजींनी विचारलं,

“माया होती, तर आत का नाही बोलावलं?”

शर्वरी पायरीवर बसली. मघाशी कलंक म्हटलं, तर गुरुजींनी माया दाखवली. माया म्हटलं, तर कलंक दाखवला. परदेशातल्या तिच्या वर्गात अशा प्रश्नावर तासन् तास चर्चा झाली असती आणि शेवटी सगळे कॉफी प्यायला गेले असते. इथे पोरं दारातून तिच्या तोंडाकडे बघत होती.

खालच्या वळणावर जीपचा आवाज झाला.

“आले,” समीक्षा म्हणाली. “बाई, थांबायचं का नाही थांबायचं? ते सांगा आधी.”

शर्वरी उठली. जीप ओढा ओलांडत होती. मुलं थांबली तर साहेब त्यांना मंद म्हणतील आणि शाळा जाईल. नाही थांबली, तर शाळा राहील. पण ती कुठली शाळा असेल?

“गुरुजी, मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल तसं करते. थांबू देऊ की नको?”

गुरुजी पायरी उतरले. कोपऱ्यापाशी जाऊन भिंतीला हात धरत धरत ते मागच्या बाजूला वळू लागले.

“गुरुजी, दार इकडे आहे. आत चला. साहेब येतायत.”

“ठाऊक आहे. तू पाढा घे. मी माझ्या जागेवर बसतो.”