शत्रूच्या घरचं पाणी

फार पूर्वीची गोष्ट. नेमकी कधीची ते विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही. एका देशात दोन तऱ्हेची माणसं राहत होती, वरचे आणि खालचे. वरचे पठारावर राहायचे, मेंढरं राखायचे, ज्वारी पिकवायचे. खालचे नदीच्या अंगाला राहायचे, भात लावायचे, मडकी भाजायचे. भाषा एक, देव एक, लग्नातली वाजंत्रीसुद्धा एकच. भांडायला तसं काही कारण नव्हतं. पण राजाला कारण हवं होतं. माणसं आपसात भांडत राहिली की राजवाड्याकडे कुणी बघत नाही, एवढी अक्कल त्याला होती. बाकी फारशी नव्हती.

त्याने खालच्यांना मानाच्या जागा दिल्या आणि वरच्यांवर कर लादले. मग दोघांचेही कान भरले. लढाई पेटली ती इतकी वर्षं चालली, की पाळण्यातली पोरं तलवार धरायच्या वयाची झाली आणि त्यांनी ती धरलीही. शेवटी वरचे जिंकत जिंकत नदीपर्यंत आले, तेव्हा राजा पळाला. रात्रीबेरात्री नव्हे हं, भर दुपारी, पहारेकरी जेवून लवंडले होते तेव्हा. जाताना पिंजऱ्यातले पोपट आठवणीने घेऊन गेला. ज्यांना लढायला लावलं होतं, ती माणसं मात्र विसरून गेला.

राजा गेला म्हणून वरचेही नाचले आणि खरं सांगायचं तर खालचेही नाचले. नाचून झाल्यावर जो तो घरी आला आणि दाराला आतून कडी लावून बसला. गादी रिकामी होती. उद्या तिच्यावर कोण बसणार आणि तो आपलं काय करणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वरच्यांना वाटत होतं, बसणार कोण म्हणजे काय, आमचा सेनापती बसणार. लढाई त्याने जिंकली. माणूस धिप्पाड, शब्दाचा पक्का, रागाचा त्याहून पक्का. खालच्यांना त्याचं नाव ऐकलं तरी घाम फुटायचा. आता हा गादीवर बसला तर आपली घरंदारं राहतात का, हीच त्यांना भीती. त्यांनी अजून शस्त्रं खाली ठेवली नव्हती. ते म्हणाले, ठेवतो, पण एक अट आहे. जुनी रीत पाळा.

ही जुनी रीत पळालेल्या राजाच्या आजोबाने मोडली होती. ती अशी की ज्याला गादीवर बसायचं असेल, त्याच्याकडे विरुद्ध बाजूचं एक माणूस आपणहून आलं पाहिजे. येताना त्याने आपल्या घरचं तांब्याभर पाणी आणायचं. सगळ्यांसमोर सांगायचं, तुम्ही माझ्यावर अमुक उपकार केलात, त्याचे आभार मानायला आलोय. मग विचारायचं, आठवतं का? गादीवर बसणाऱ्याला ते खरोखर आठवलं पाहिजे. आठवलं, की त्याने ते पाणी प्यायचं आणि गादीवर बसायचं. बास. शत्रूचंही कधी भलं न केलेला माणूस सगळ्यांचं काय भलं करणार, असा जुन्या लोकांचा साधा हिशेब होता.

सेनापती हसला. एक माणूस ना? शंभर आणतो, म्हणाला. नवं पीक खळ्यावर येईपर्यंत मुदत ठरली. तोवर गादी भरली नाही, तर तह मोडला आणि पुन्हा लढाई, असं दोन्हीकडच्या पंचांनी सांगून टाकलं.

सेनापतीचा एक कारभारी होता. फार हुशार, म्हणजे गरजेपेक्षा जरा जास्तच. तो खाली गेला आणि चार माणसं पढवून घेऊन आला. पहिला म्हणाला, आपण आमच्या देशाला वाचवलंत. थोरल्या पंचांनी विचारलं, कुठल्या दिवशी, काय करून? बिचारा छताकडे बघत राहिला. दुसरा म्हणाला, आपण माझ्या वडिलांना दाणे दिलेत. गाव विचारलं तर त्याने असं गाव सांगितलं, जिथे सेनापतीने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. तिसऱ्याच्या हातातला तांब्या इतका थरथरत होता, की पाणी विचारायच्या आधीच सांडून गेलं. चौथा ते बघून बाहेरच्या बाहेर पसार झाला. लोक तोंडावर पदर आणि उपरणी घेऊन हसले. सेनापतीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने कारभाऱ्याला झापलं आणि एकटाच तटावर जाऊन बसला. मनाशी म्हणाला, आपणच आठवून बघू. शत्रूचं भलं आपण कधी केलं? एक चढाई आठवली, मग दुसरी. घोड्यांना कुठे पाणी पाजलं ते आठवलं, कुठली गढी कशी घेतली तेही आठवलं. आपल्या जखमी माणसांना पाठीवर घालून आणलेलं आठवलं. पण खालचं एखादं माणूस, ज्याला आपण हात दिला, असं काही केल्या आठवेना. रोज तो तटावर जायचा आणि रोज तसाच परत यायचा. इतकी वर्षं ज्याला लोक शूर म्हणत होते, त्याला आता स्वतःचीच लाज वाटू लागली. खाली शेतात पीक पिवळं पडत चाललं होतं, आणि दोन्हीकडचे लोहार पुन्हा भाते जोडत होते.

कापणी संपत आली आणि एक कुंभारीण आली.

नदीकाठच्या एका गावातून ती चालत आली होती. तळपाय भेगाळलेले, डोईवर चुंबळ, चुंबळीवर पाण्याचा तांब्या. तिला कुणी पाठवलं नव्हतं, की कुणी पढवलं नव्हतं. तिने पंचांना सांगितलं, मला आभार मानायचे आहेत. दवंडी पिटली गेली. वरचे आले, खालचे आले, कमरेला तलवारी तशाच. ही शेवटचीच संधी आहे हे सगळ्यांना कळत होतं.

कुंभारणीने सांगायला सुरुवात केली. लढाईच्या ऐन उन्हाळ्यात वरच्यांचे स्वार आमच्या भागात आले. विहिरी बुजवत आले. गावोगावी दगडमाती टाकून विहिरी बंद केल्या, म्हणजे खालच्यांनी तहानेने शरण यावं. आमच्या गावी आले तेव्हा त्यांच्या म्होरक्याने बाकीच्यांना पुढे पाठवलं. तोंडाला फडकं बांधलं होतं, चेहरा काही दिसला नाही. त्याने माझ्या आव्यावरची, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीवरची, लाकडं विहिरीवर आडवी टाकली, वर माती पसरली, आणि मला म्हणाला, आम्ही लांब गेलो की काढून घे. त्या एका विहिरीवर आसपासच्या गावांनी उन्हाळा काढला. माझी लेकरं जगली, शेजारपाजारची जगली.

तांब्या पुढे करत ती म्हणाली, "त्या चढाईवर सेनापती स्वतः होते, असं मागाहून कळलं. म्हणजे ते तुम्हीच. हे त्याच विहिरीचं पाणी आहे. आठवतं का?"

वरच्यांचे चेहरे उजळले. कारभारी तर सेनापतीच्या कानाशी लागला आणि पुटपुटला, "सरकार, नुसती मान हलवा. तिने चेहरा पाहिलेला नाही."

आता बघा. नुसती मान हलवायची होती. गादी मिळत होती, लढाई टळत होती, सगळ्या देशाचं भलं होत होतं. तुम्ही-आम्ही असतो तर हलवली असती, आणि वर स्वतःची समजूतही घातली असती, की लोकांसाठीच केलं. सेनापतीनेही तांब्याला हात लावला. मग काढून घेतला.

"माय, तो मी नव्हतो," तो म्हणाला. "विहिरी बुजवायचा हुकूम माझा होता. तुझी ज्याने राखली, तो माझा एक स्वार. परत आल्यावर त्यानेच मला येऊन सांगितलं. मी त्याचा घोडा काढून घेतला आणि त्याला घरी हाकलून दिलं. तुझी विहीर बुजवायला दुसरे स्वार पाठवणार होतो, पण तेवढ्यात लढाई दुसरीकडे सरकली. ती राहिली ती माझ्या दयेने नाही. मला सवड झाली नाही, म्हणून राहिली."

कारभाऱ्याने कपाळाला हात लावला. माणसांचे हात तलवारींच्या मुठींवर गेले. वरच्यांना कळेना, की आपल्या माणसाला वेड लागलं की काय. सेनापती उठला, पंचांना नमस्कार केला आणि चालायला लागला. सगळं आपल्यामुळे बुडालं, आता आणखी माणसं मरणार, हे त्याला दिसत होतं आणि त्याचे डोळे भरून आले होते.

कुंभारीण तिथेच उभी होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. माझ्या बहिणीच्या गावची विहीर बुजली, असं ती म्हणाली. बहीण पाण्यावाचून गेली, असंही म्हणाली. मग तिने त्याला हाक मारली.

"थांबा. पाणी मी त्या स्वारासाठी आणलं होतं, ते त्याचंच आहे. बहिणीचं मी विसरणार नाही, तुम्हीही विसरू नका. पण आमच्या राजाने जन्मभर आम्हाला खोटं सांगितलं, आणि आम्ही ते खरं मानून आमची पोरं लढायला पाठवली. समोर गादी असताना आपल्या तोंडाने खरं सांगणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला. त्याचे मात्र मी आभार मानते. आत्ता तुम्ही माझ्याशी खरं बोललात. आठवतं का?"

सेनापती खाली मान घालून उभा राहिला. लढाईत न डगमगणारा तो माणूस लहान पोरासारखा रडत होता. रडतच म्हणाला, आठवतं.

पंचांमध्ये कुजबुज झाली. हे रीतीत बसतं का? थोरले पंच खालच्यांपैकीच होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, रीतीत उपकार लागतो, तो शिळाच असला पाहिजे असं कुणी सांगितलं? माणूस अजून गादीवर बसलेला नाही. म्हणजे हा उपकार बसण्याआधीचाच झाला.

कुंभारीण म्हणाली, अर्धंच प्या, अर्धं त्याचं आहे. सेनापती अर्धं पाणी प्यायला. आणि मग जे झालं, ते कुणी ठरवलं नव्हतं. वरच्यांतला एक पोरगा उठला, लंगडत पुढे आला. म्हणाला, माझेही आभार राहिलेत. जखमी होऊन पडलो होतो, तेव्हा खालच्या एका म्हातारीने मला पेंढ्यात लपवलं होतं. ती इथे आहे का? ती होती. मग खालचा एक शेतकरी उठला, त्याचा बैल कुणीतरी परत आणून दाव्याला बांधला होता. मग आणखी कुणी उठलं. इतकी वर्षं सगळ्यांच्या पोटात काही ना काही साठलेलं होतं, पण शत्रूचे आभार मानले तर घरचे काय म्हणतील, म्हणून जो तो गप्प होता. ऊन उतरेपर्यंत माणसं एकमेकांना शोधत फिरत होती. तलवारी केव्हाच एका बाजूला ठेवल्या गेल्या होत्या.

सेनापती गादीवर बसला, पण जेमतेम बसला. लगेच उठला. अर्धा तांब्या हातात घेऊन, घोडा नको म्हणून, तो पठाराची चढण चालत चढला. तो स्वार आता मेंढरं राखत होता. सेनापतीला पाहून त्याला वाटलं, उरलेली शिक्षा द्यायला आलेत. तो काठी टाकून उभा राहिला.

सेनापतीने तांब्या पुढे केला आणि म्हणाला, "माझा हुकूम तू मोडलास. त्याचे आभार मानायला आलोय. तुझ्यामुळे मला तोंड दाखवायला जागा राहिली."

स्वाराने ओंजळ पुढे केली आणि तो पाणी प्यायला. मग दोघे तिथेच धोंड्यावर बसले.

दुसऱ्या दिवसापासून बुजवलेल्या विहिरी उपसायला सुरुवात झाली. पहिली विहीर कुंभारणीच्या बहिणीच्या गावची. तिच्यातले दगड सेनापतीने स्वतः काढले. पुढे त्या देशाचं सगळं छान झालं का? तसं मी सांगणार नाही. पुढच्याच साली पाण्याच्या पाळीवरून वरच्या-खालच्यांची जुंपली, आरडाओरडा झाला, दोघांची डोकी फुटली. उद्याचं कुणी सांगावं? पण दाराच्या कड्या उघड्या राहू लागल्या. आणि भांडण फार चढलं, की कुणीतरी उठून म्हणायचं, थांबा, आधी ह्या माणसाचे आभार मानायचे राहिलेत ते सांगतो, मग भांडू.

आता तात्पर्य हवं असेल, तर ते एवढंच: मोडलेला देश आधी खऱ्या शब्दाने आणि मग मानलेल्या आभारांनी सांधला जातो, आणि खरं बोलायची वेळ येते ती बहुतेक वेळा खोट्याने सगळं मिळत असतं, नेमकी तेव्हाच.