रिकामा दांडा

लोखंडसुद्धा माणसाशी बोलायचं, तेव्हाची ही गोष्ट.

वर्षभराच्या आजारातून उठून गुणाजी पैलवान तालमीत आला. भिंतीवर त्याचा जुना आकडा खडूने लिहिलेला होता, तीन मण. ज्याचा आकडा भिंतीवर, त्याने त्याहून कमी वजनाला हात लावायचा नाही, अशी त्या तालमीची रीत होती.

"आम्हाला दांड्यावर चढव," वजनाच्या जाड चकत्या म्हणाल्या, "नाहीतर पोरं हसतील."

गुणाजीने पहिली चकती उचलली आणि दांड्याला कापरं भरलं. "नको रे," दांडा म्हणाला. "संतरामही असाच आजारातून उठून आला होता. त्यालाही रीत मोडायची नव्हती. त्याची कंबर मोडली तो आवाज तुम्ही सगळ्या पैलवानांनी लांबून ऐकलात. मी त्याच्या खांद्यावर होतो. पुन्हा तो आवाज ऐकायची माझी छाती नाही. आधी मला रिकामा उचल."

"बरं, तुझ्या समाधानासाठी पाच बैठका," गुणाजी हसला. "मग चकत्या."

तिसऱ्या बैठकीला त्याला धाप लागली. पाचव्या बैठकीला गुडघे असे लटलटले की तो कसाबसा उभा राहिला. दांडा खाली ठेवून तो त्या जाड चकत्यांकडे बघत राहिला. अंगावर सरसरून काटा आला.

मग घामाने ओल्या झालेल्या तळहाताने त्याने भिंतीवरचा आकडा पुसला आणि तिथेच खडूने लिहिलं, 'रिकामा दांडा, पाच बैठका.'