अस्सल गळती

जुन्या मोटारींच्या स्पर्धेचे परीक्षक सर्जेराव म्हणजे अस्सलपणाचं खूळ घेतलेला गडी. तोंडात कायम पेटता चिरूट. पहिल्या आलेल्या गाडीत बसून मिरवायचा मानही त्यांचाच.

इंदुताईंच्या सासऱ्यांच्या मोटारीचं बॉनेट उघडताच सर्जेराव गरजले, "पेट्रोलच्या नळीला नवे जोड? गाडी बाद! मूळचेच हवेत."

"मूळच्या जोडांतून पेट्रोल टपटपतं हो, साहेब."

"टपकू दे! अस्सल ते अस्सल!"

इंदुताईंनी शांतपणे पिशवीतून जुने जोड काढले, पाना हाती घेतला. "आत्ता बसवते. मिरवणुकीत मात्र तुम्ही पुढेच बसायचं, आणि चिरूट विझवायचा नाही हं. मान तुमचाच!"

सर्जेरावांनी नव्या जोडांवरून हळूच बोट फिरवलं.

"तसे हेही जुनेच दिसतात की!"