सुलभाने मोजलेली बोटं

नदीवेस क्रीडा मंडळाचा मुलींचा बास्केटबॉल संघ लीगमध्ये सपशेल शेवटचा आला आणि अध्यक्ष खोतसाहेबांनी म्हाताऱ्या प्रशिक्षक रेगे सरांना नारळ दिला. सर तरीही रोज येऊन मैदानाच्या पायरीवर बसत. शेवटच्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते, तेवढीच काय ती आशा उरली होती.

प्रशिक्षकपदासाठी याच मैदानावर घडलेली सुलभा आली. साहेबांनी तिला फर्मावलं, "या नव्या मुलींचा अर्धा तास खेळ बघा आणि एकच मुलगी निवडा. चुकलात तर आल्या वाटेने परत!"

सहाफुटी मैथिली चेंडूमागून चेंडू जाळीत टाकत होती आणि साहेब मोठ्याने मोजत होते. सुलभाने नाव घेतलं ते बुटक्या रुबीनाचं.

"अहो, तिने एकही चेंडू जाळीत टाकला नाही!" साहेब कडाडले. "इतका वेळ बघत काय होतात?"

"बोटं," सुलभा म्हणाली. "जिच्या पासवर गुण मिळतो, तिच्याकडे बोट दाखवून आभार मानायची आमच्यात रीत आहे. तुम्ही गुण मोजलेत साहेब, मी बोटं मोजली. मैथिलीचं बोट अकरा वेळा रुबीनाकडे गेलं. तेव्हा ही निवड माझी नाही, तुमच्या मैथिलीचीच आहे."

साहेबांनी रुबीनाकडे नीट पाहिलं. "पद तुमचं," ते शेवटी म्हणाले. "पण ही नजर तुम्हाला दिली कोणी?"

 सुलभाने नुसतं बोट उचललं. साहेबांनी वळून पाहिलं, तर पायरीवर रेगे सर बसले होते.